नव्याचे नऊ दिवस: सुखाची सवय इतक्या लवकर का होते आणि त्यावर काय करता येतं

गेल्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. घरातली पहिलीच, आणि कोरी. ज्यांच्या घरी लहानपणापासून गाडी होती त्यांना हे तितकंसं कळणार नाही, पण आमच्या बाबांनी उभी नोकरी करून एक स्कूटर घेतली होती आणि तीही पुढे विकली, त्यामुळे सोसायटीच्या गेटातून गाडी आत आली तेव्हा बाबा खाली चपला न घालताच उभे होते. हार, नारळ, हळदकुंकू, चारी चाकांखाली लिंबं, वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या न बोलणाऱ्या काकूंपर्यंत सगळ्यांना पेढे. सीटवरचं प्लास्टिक मी काढू देत नव्हतो. खास गाडीसाठी एक पिवळं मऊ फडकं आणलं होतं, त्याने रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी दहा मिनिटं गाडी पुसायचो, जाताना मागे वळून एकदा बघायचो पण.

गुढीपाडव्याला बाबा म्हणाले, "अरे, गाडीला हार घालायचा ना?" तेव्हा लक्षात आलं की माझ्या डोक्यात गाडी नव्हतीच. खाली गेलो तर मागच्या सीटवर एक छत्री, दोन रिकाम्या बाटल्या, रद्दीचा गठ्ठा, आणि उजव्या दारावर पार्किंगच्या खांबाचा ओरखडा, जो कधी पडला तेही मला आठवेना. पिवळं फडकं बायकोने कधीचं गॅसच्या ओट्याला लावलं होतं.

गाडीत काही बिघाड नव्हता हं, मायलेज पण सांगितलं तसंच. फक्त मला तिची सवय झाली होती. आपल्याकडे याला नव्याचे नऊ दिवस म्हणतात. मानसशास्त्रात याला हेडॉनिक अडॅप्टेशन असं भारदस्त नाव आहे, म्हणजे सुखाची (आणि दुःखाचीही) सवय होऊन जाणं. १९७१ साली फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या दोघांनी यासाठी ट्रेडमिलची उपमा दिली, पळता पळता घाम निघतो पण जागा तीच. पगार वाढला, थोडे दिवस बरं वाटलं, मग तोच पगार नॉर्मल झाला आणि नजर पुढच्यावर गेली.

हे होतं का पण? एक साधी गोष्ट बघा. बाहेरून घरात आलात आणि आत आमटीला फोडणी पडलेली असेल तर दारातच वास येतो, पोटात कावळे ओरडायला लागतात, आणि पाच मिनिटांनी तो वास तुम्हाला येतच नाही. वास गेला नाही, नाकाने कळवायचं बंद केलं. आपली सगळी यंत्रणाच बदल टिपण्यासाठी बनलेली आहे, जे आहे तसंच आहे त्याची बातमी ती देत नाही कारण त्याचा जीव वाचवायला उपयोग नसतो. झाडीत नवीन काय हललं ते कळायला हवं, झाड उभं आहे हे रोज कशाला कळायला हवं. मनाचंही तसंच. आणि याला शिव्या घालण्याआधी हेही लक्षात घ्या की याच सवयीमुळे माणूस मोठमोठी दुःखं पचवतो. जवळचं माणूस गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी आपण लग्नात जेवतो, हसतो, ते याच यंत्रणेमुळे.

आता डोपामिन. हा शब्द हल्ली रील्समध्ये इतका वापरतात की वैताग येतो, "आनंदाचं रसायन" म्हणे. तसं ते नाहीये. वोल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींची नोंद घेतली. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात चालू व्हायच्या. मग रसाआधी एक खूण द्यायला लागले, दिवा लागणार आणि मग रस येणार. थोड्या दिवसांत झालं असं की पेशी दिवा लागल्यावर चालू व्हायच्या, आणि रस प्रत्यक्ष आल्यावर काही नाही, ढिम्म. आणि दिवा लागून रस आलाच नाही तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जायचं. म्हणजे या पेशींना रसाशी फार देणंघेणं नाही, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी एवढंच त्या सांगतात. अगदी ठरल्याप्रमाणे मिळालं तर त्या गप्प.

हे वाचल्यावर मला माझंच हसू आलं. गाडीचा सगळ्यात जास्त आनंद मला कधी झाला होता? बुकिंग केल्यापासून डिलिव्हरीपर्यंतच्या त्या सात आठवड्यांत. रात्री झोपताना रंगाचे फोटो बघणं, ॲक्सेसरीजची यादी, शोरूमच्या त्या बिचाऱ्या पोराला दिवसाआड फोन. किल्ली हातात आली आणि दिवा लागायचा बंद झाला.

या विषयावर कोणी काही लिहिलं की एक अभ्यास हमखास येतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा सांगितला जातो, म्हणून तो जरा नीट सांगतो. १९७८ साली ब्रिकमन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत इलिनॉय राज्याची लॉटरी लागलेले २२ लोक गाठले, अपघातात हातापायातलं बळ गेलेले २९ लोक गाठले, आणि तुलनेला आणखी २२ साधे लोक. सगळ्यांना विचारलं की तुम्ही आत्ता किती सुखी आहात, ० ते ५ मध्ये सांगा. लॉटरीवाले ४.००, साधे लोक ३.८२, अपघातवाले २.९६. व्हॉट्सॲपवर फिरतं ते असं की "लॉटरी लागो नाहीतर अपंगत्व येवो, वर्षभरात सगळे सारखेच सुखी". आकडे तसं म्हणतच नाहीत! अपघातवाले सरळसरळ खाली आहेत, फक्त आपल्याला वाटेल तितके तळाला गेलेले नाहीत एवढंच. चक्रावून टाकतात ते लॉटरीवाले, कारण लाखो डॉलर मिळूनही ते साध्या माणसांच्या जेमतेम पुढे आहेत.

पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त लागला. त्यांना रोजच्या साध्या गोष्टींबद्दलही विचारलं होतं. मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, टीव्ही बघणं, कोणी कौतुक केलं तर, विनोद ऐकला तर, यात किती मजा येते? साधे लोक ३.८२, अपघातवाले ३.४८, आणि लॉटरीवाले सगळ्यांत खाली, ३.३३. एवढी मोठी मजा आल्यावर नाश्ता फिका पडला. पंचपक्वान्नाचं जेवण झाल्यावर घरचा वरणभात कसा लागतो, तसंच काहीतरी.

अर्थात २२ माणसं म्हणजे फारच कमी, आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगला याहून जास्त येतात. पुढे स्वीडनमध्ये तीन हजारांहून जास्त लॉटरीवाल्यांचा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, त्यात मोठी रक्कम लागलेले लोक पाच ते बावीस वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. मात्र रोजच्या आनंदावरचा परिणाम बराच बारीक. म्हणजे पैशाने काही होत नाही हे खोटं, उगाच संतपणाचा आव आणू नये. पैसा असला की "आयुष्य कसं चाललंय" याला बरं उत्तर देता येतं, पण मंगळवारी दुपारी तीन वाजता कसं वाटतंय यात तो कमी दिसतो.

आता मुद्द्याचं. सगळ्याच गोष्टींची सवय सारख्या वेगाने होत नाही, आणि माझ्या मते सुख वाढवायच्या सगळ्या खटाटोपाची किल्ली इथेच आहे. काही गोष्टींची सवय नऊ दिवसांत होते, काहींची वर्षानुवर्षं होत नाही, आणि आपण पैसे मात्र नेमके उलटीकडे घालतो.

नोकरी जाणं घ्या. जर्मनीत हजारो लोकांना दर वर्षी तेच प्रश्न विचारत राहतात असा एक मोठा सर्व्हे आहे. त्यातली पंधरा वर्षांची माहिती घेऊन रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की नोकरी गेलेल्यांचं समाधान खाली जातं, आणि नंतर दुसरी नोकरी लागली तरी सरासरी ते पूर्वीच्या जागेवर पूर्ण परत येत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला "होईल रे सगळं ठीक" म्हणून पाठीवर थाप मारणाऱ्यांनी हे वाचावं.

दुसरी सवय न होणारी गोष्ट म्हणजे रोजचा प्रवास. याच जर्मन माहितीवरून ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुत्सर या अर्थतज्ज्ञांनी बघितलं की लांबून कामावर येणारे लोक सरासरी कमी समाधानी असतात. खरं तर अर्थशास्त्राच्या हिशोबाने असं व्हायला नको, कारण माणूस लांब राहतो तो काहीतरी मिळतंय म्हणूनच ना, स्वस्त घर, मोठं घर, चांगला पगार. पण ते मिळालेलं प्रवासाची भरपाई करत नाही असं निघालं. आणि डॅनियल कानेमान यांच्या टीमने २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना कालचा अख्खा दिवस तुकड्या-तुकड्यांनी आठवायला लावला, कुठल्या वेळी कसं वाटत होतं, तर सगळ्यात खाली आला सकाळचा कामावर जायचा प्रवास.

मी डोंबिवलीकर. मला हे सांगायला टेक्सासची गरज नव्हती.

पण कारण विचार करण्यासारखं आहे. घराची सवय होते कारण घर रोज तेच असतं, बेडरूम काल होती तेवढीच आज. प्रवासाचा त्रास मात्र रोज नवा कोरा. आज सिग्नल फेल, उद्या मुंब्र्याला गाडी उभी, परवा पाणी भरलं, रविवारी मेगाब्लॉक, आणि सगळं वेळेवर असलं तर नेमका दारात कोणीतरी ढोलकीसारखी बॅग घेऊन. सवय व्हायला गोष्ट एकसारखी लागते, आणि मध्य रेल्वेवर एकसारखं काय असतं तर फक्त "होणाऱ्या असुविधेबद्दल" ती अनाउन्समेंट. आता आठवा आपण घर कसं घेतो. "अजून दोन स्टेशनं पुढे गेलं तर एक बेडरूम जास्त मिळते." ती जास्तीची बेडरूम सहा महिन्यांत दिसायची बंद होते, पाहुण्यांची गादी आणि बंद पडलेली सायकल तिथे राहायला जातात, आणि ती दोन स्टेशनं वीस वर्षं रोज सोसायची. आम्ही हेच केलं. बायको तेव्हाच म्हणाली होती, "अरे, लहान चालेल पण जवळ बघ." मी तिला कार्पेट एरिया समजावत बसलो होतो.

सगळ्यांना जवळचं घर परवडत नाही हे मलाही कळतं, पण परवडतं तेव्हाही आपण चौरस फुटांच्या मागे लागतो, एवढंच म्हणणं आहे.

प्रवास टळत नसेल तर? निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकल ट्रेनच्या प्रवाशांना तीन गटांत वाटलं. एकांनी शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायचं, एकांनी गप्प एकटं बसायचं, एकांनी नेहमीसारखं. आधी विचारलं तर लोकांना वाटत होतं बोलायला लागलं तर प्रवास सगळ्यात वाईट जाईल. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास सगळ्यात छान गेला. २०१४ सालचा हा अभ्यास. आमच्या ८.१३ च्या ग्रुपला कोणी विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं. दसऱ्याला डबा सजवतो, कोणाचा वाढदिवस असला की वडापाव, एकाचे वडील गेले तेव्हा अकरा जण हाफ डे टाकून गेले होते. वर्क फ्रॉम होम होतं तेव्हा मला वाटलेलं आता सुख, प्रवासच नाही, आणि तिसऱ्या महिन्यात आम्ही ८.१३ ला व्हिडिओ कॉल करायला लागलो. हसू नका. प्रवास नकोच होता, माणसं हवी होती.

माणसांची सवय होत नाही का? होते की, नवराबायकोंना विचारा. पण वस्तूपेक्षा फार हळू, कारण माणूस रोज काहीतरी वेगळं बोलतो, चिडतो, नवीन किस्सा आणतो. टीव्ही पंचावन्न इंची असला तरी तो उद्या छप्पन इंची होत नाही.

आता सवयीवर उपाय काय, तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गोष्ट थोडे दिवस बंद ठेवणं. जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये एक मजेशीर प्रयोग छापला. लोकांना एक चॉकलेट खायला दिलं. मग एका गटाला सांगितलं आठवडाभर चॉकलेटला हात लावायचा नाही, दुसऱ्या गटाला भली मोठी पिशवी दिली, खा किती खायचंय ते, तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. आठवड्याने सगळ्यांना परत तेच चॉकलेट. ज्यांनी सोडलं होतं त्यांनी ते सगळ्यात चवीने खाल्लं आणि त्यांचा मूडही जास्त चांगला झाला.

हे वाचून मला आजीच आठवली. आजी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडायची. चातुर्मास लागायच्या आधी आषाढात कांदेनवमी, त्या दिवशी घरात कांद्याचं जे जे होईल ते ते, भजी, थालीपीठ, झुणका, पोहे, अख्ख्या बिल्डिंगला डोळ्यांतून पाणी. मग चार महिने बंद. आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य, भरीत-रोडगा, तेव्हा वांगं परत घरात यायचं. आजी वांग्याला तेलाचा हात लावून ते गॅसवर ठेवायची, सालं तडतडायला लागली की स्वयंपाकघरभर तो जळका गोड वास, आणि ती चिमट्याने वांगं फिरवत उभी, दुसरं कोणी हात लावायचा नाही. पहिला घास घेताना ती डोळे मिटायची. मी एकदा विचारलं, "आजी, देव एवढ्या वांग्याचं काय करतो गं?" तर म्हणाली, "देवाला काय पडलंय. वांग्याला चव येते." कॉलेजात असताना मला हे सगळं अंधश्रद्धा खात्यात जमा वाटायचं. आता हापूस वर्षभर मिळत नाही याबद्दल मी निसर्गाचे आभार मानतो. फेब्रुवारीत हजारो रुपयांची पहिली पेटी घेणाऱ्यांना माझा नमस्कार, पण बारा महिने आमरस मिळाला तर तो कोकम सरबताइतकाच साधा होईल. (कोकम सरबतवाल्यांनी रागावू नये.)

याच धर्तीवरचं आणखी एक, लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस यांचं. त्यांना दिसलं की छान गोष्टीत मध्ये खंड पडला तर ती जास्त छान वाटते आणि त्रासाच्या गोष्टीत खंड पडला तर ती जास्त त्रासाची वाटते. त्यांनी लोकांना व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज ऐकवला, काहींना सलग, काहींना मध्ये थोडा आराम देऊन, तर आराम मिळालेल्यांना नंतर तो आवाज जास्त खुपला, कारण सवय मोडली. आपण नेमकं उलटं करतो. सिरीज एका रात्रीत सलग संपवतो, आणि इन्कम टॅक्सचे कागद, कपाट आवरणं, बँकेची केवायसी हे थोडं थोडं चहा पीत आठ दिवस पुरवतो. कंटाळवाणं काम एका बैठकीत उरकायचं, आणि मजेचं तुकड्यांत. मी गेल्या दिवाळीच्या फराळात करून बघितलं, चकली एका वेळी एकच घ्यायची आणि डबा वरच्या फळीवर. तीन दिवस जमलं.

पैसे कुणावर खर्च होतात यानेही फरक पडतो. डन बाईंचाच २००८ चा प्रयोग आहे, कॅनडातला. सकाळी लोकांना पाकीट दिलं, कोणात ५ डॉलर कोणात २०, काहींना सांगितलं संध्याकाळी पाचच्या आत स्वतःवर उडवा, काहींना सांगितलं दुसऱ्या कोणावर तरी. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेले जास्त खूश, आणि गंमत म्हणजे ५ होते की २० याने काही फरक पडला नाही. बाकीच्या लोकांना अंदाज विचारला तर ते म्हणाले वीस डॉलर, तेही स्वतःवर, यातच सगळ्यात मजा. स्वतःच्या सुखाचा अंदाज आपल्याला इतका चुकीचा येतो. आमच्या ग्रुपमध्ये कटिंगचे पैसे द्यायला जी मारामारी होते ती या हिशोबात अगदी शहाणपणाची म्हणायची.

तसंच निर्णय बदलायची सोय. हार्वर्डमध्ये फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांना डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी सांगितलं, स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवा, एक द्या. काहींना नंतर बदलायची मुभा, काहींना नाही. मुभा नसलेल्यांना स्वतःचा फोटो जास्त आवडायला लागला, मुभा असलेले "तो दुसरा घेतला असता तर" करत बसले. ऑनलाइन मागवलेला शर्ट टॅगसकट आठ दिवस खुर्चीवर पडून असतो तेव्हा मला हे आठवतं. टॅग कापून टाका, शर्ट बरा दिसायला लागतो.

कृतज्ञतेच्या डायरीबद्दल सगळेच सांगतात, रोज रात्री तीन गोष्टी लिहा वगैरे. पण तिचीही सवय होते! सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज लिहिलं की ती हजेरीवही होते, "तब्येत चांगली, घर आहे, नोकरी आहे", सही, तारीख. मला त्यापेक्षा एक वेगळा प्रकार आवडला, वजाबाकीचा. २००८ सालच्या एका अभ्यासात लोकांना जोडीदार कसा भेटला हे लिहायला सांगितलं, आणि दुसऱ्या गटाला तो कसा भेटलाच नसता हे लिहायला सांगितलं. नात्याबद्दल जास्त बरं वाटलं ते दुसऱ्या गटाला. मी करून बघितलं. आमचा कांदेपोह्याचा कार्यक्रम त्या दिवशी जवळजवळ रद्द झाला होता, तिच्या मामांची एसटी बंद पडली होती आणि माझ्या आईला "उशिरा येणारी माणसं" आवडत नाहीत. मामा ट्रकमध्ये बसून आले. तो ट्रक थांबला नसता तर. हा विचार करून मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोकडे जरा जास्तच वेळ बघितलं असावं, कारण ती म्हणाली, "काय तोडलंस?"

आता काही लोक म्हणणार, हे सगळं ठीक आहे पण ज्याचा स्वभावच रडका आहे त्याने काय करायचं. स्वभावाचा वाटा मोठा आहे हे खरं. मिनेसोटातल्या जुळ्यांच्या अभ्यासांतून ते बऱ्यापैकी पक्कं झालंय. पण "५० टक्के जनुकं, १० टक्के परिस्थिती, ४० टक्के तुमच्या हातात" हा जो आकडा मोटिव्हेशनवाले स्टेजवरून ओरडतात तो जपून घ्या. २००५ मध्ये ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी तो मांडला, पुढे टीका झाली, आणि २०१९ मध्ये त्यांच्यातल्याच दोघांनी ४० टक्के जरा जास्तच धरले गेले असावेत असं मान्य केलं. शिवाय ते टक्के माणसामाणसांतल्या फरकाबद्दल होते, तुमच्या एकट्याच्या सुखाचे तसे तुकडे पडत नाहीत.

आणि परिस्थिती फक्त दहा टक्के असं उपाशी माणसाला सांगू नये. कोलकात्यात झोपडपट्टीत राहणारे, फुटपाथवर राहणारे आणि वेश्याव्यवसाय करणारे अशा एकूण ८३ लोकांशी रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर बोलले, २००१ मध्ये ते छापून आलं. एकूण आयुष्याबद्दल त्यांचं समाधान मधल्या रेघेच्या थोडं खालीच होतं. कुटुंब, दोस्त अशा गोष्टींबद्दल मात्र ते समाधानी होते. दोन्ही वाक्यं एकत्रच वाचायची. फक्त दुसरं उचलून "बघा गरीब किती सुखी" असं पोस्टर करणाऱ्यांनी एक रात्र फुटपाथवर काढावी.

आजाराचंही वेगळं. दोन-दोन आठवडे कशातच रस वाटत नाही, झोप उडालीय, जगणं नकोसं वाटतंय, तर तिथे वांगं सोडून किंवा डायरी लिहून काही होणार नाही, डॉक्टरकडे जायचं, तापाला जातो तसं. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि हे माझ्यासारख्या लोकांसाठी आहे जे असलं काही वाचलं की लगेच अंमलबजावणी सुरू करतात. सुखाचा सारखा मीटर बघायला लागलं की ते पळतं. २००३ मध्ये जोनाथन स्कूलर आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्ट्राविन्स्की या संगीतकाराची "द राइट ऑफ स्प्रिंग" ही बॅलेसाठीची रचना ऐकवली. ज्यांना नुसतं ऐका म्हटलं त्यांना बरं वाटलं, ज्यांना "ऐकताना आनंदी व्हायचा प्रयत्न करा" म्हटलं त्यांचा मूड उलट बिघडला. मी चंपाषष्ठीचं भरीत खाताना मनात "आली का चव, आली का" करत होतो, तर कसली चव येतेय, जीभ भाजली.

गाडीचं काय झालं ते सांगतो. मे महिन्यात माझ्या बहिणीची गाडी गॅरेजला होती आणि तिला पोरांना घेऊन गावी जायचं होतं, तर मी म्हटलं आमची ने, तीन आठवडे. पहिले दोन दिवस काहीच वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांना डोळे तपासायला न्यायचं होतं, भर उन्हात रिक्षावाले नाही म्हणत होते, बाबा डोक्यावर रुमाल टाकून उभे. "आपली गाडी कधी येणार रे?" असं त्यांनी त्या तीन आठवड्यांत निदान सात-आठ वेळा विचारलं असेल.

रविवारी संध्याकाळी गाडी आली. धुळीने इतकी माखलेली की रंग कळेना, मागच्या काचेवर भाचीने बोटाने मांजर काढलेलं, सीटच्या फटीत चुरमुरे, आणि आत कैरीचा वास. मी दार उघडून नुसता बसलो पाच मिनिटं, एसी लावून. मग वर आलो आणि पिवळं फडकं कुठंय म्हणून शोधायला लागलो.

"ते ओट्याचं आहे," बायको म्हणाली. "गाडीला जुना बनियन घे."